तिघऱ्याच्या पाण्यावरचा पहारा

लांबून शालिनीला तो बगळा वाटला. चैत्रातली सकाळ होती, वारा पाण्यावर बारीक बारीक चुण्या पाडत चालला होता, आणि मधोमध काहीतरी पांढरं डुलत होतं. पण बगळा असा उपडा पडून डुलत नाही. तिनं डोंगी वळवली. जवळ गेली तर ती टोपी निघाली. खादीची, पांढरीशुभ्र, इस्त्रीची घडी अजून न मोडलेली.

वल्ह्याच्या टोकावर तिनं ती अलगद उचलली. मग तिचं लक्ष तिघरा धरणाच्या पायऱ्यांकडे गेलं. तिथे एक तरुण उभा होता. एका हातात वहाणा, आणि दुसरा हात डोक्यावर. अनोळखी बाईपुढे बोडकं डोकं दिसू नये म्हणून तो बिचारा तळहातानं ते झाकून उभा होता.

"ती माझी आहे," तो म्हणाला.

"कशावरून?"

"माझं डोकं उघडं आहे, यावरून."

"उघडी डोकी हल्ली पुष्कळ झालीत. सगळ्यांना एकच टोपी कशी पुरायची?"

तो हसला. खरं तर तिला राग यायला हवा होता, पण आधी आश्चर्यच वाटलं. या बाजूला कुणी मराठीत बोलत नसे. गावातले लोक, ढीमर कोळी, दूधवाले, सगळे हिंदीच बोलायचे.

"मराठी कुठली तुमची?" तिनं विचारलं.

"ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली. जयेंद्रगंजात राहतो. घरी मराठी, कचेरीत हिंदी आणि साहेबांपुढे गप्प. कान्होजी जगदाळे माझं नाव. ही टोपी 'टोपी बाजारा'तून घेतली. दुकानदाराची साक्ष काढायची तर त्याला घेऊन येतो."

"कान्होजी… आणि टोपीसाठी पाण्यात उतरवलं नाही?"

"नाव आजोबांनी ठेवलं. पाण्याची भीती मात्र माझी स्वतःची आहे."

"मग धरणावर काय करता?"

"पाणी मोजतो. नहर खात्यात आहे. रोज सकाळी बघायचं, किती चढलं, किती उतरलं."

शालिनीनं ओठ दाबून धरले. हसू येऊ द्यायचं नाही, हे तिच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, शिकवलं होतं. पहारेकऱ्यानं हसायचं नसतं. तिनं वल्हं थोडं पुढे केलं, टोपी त्याच्या हाताच्या जरा अलीकडे थांबली.

"आणि आपण…" त्यानं मान तिरकी करून पाण्यापलीकडे पाहिलं, "त्या नावेवर राहता?"

वल्हं तिथल्या तिथे मागे आलं.

"कुठली नाव?"

"ती. टेकडीच्या कुशीतली. जिच्यातून फोडणीचा धूर येतोय."

"मला तर काही दिसत नाही."

"लसणाची फोडणी आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "इथपर्यंत वास येतोय."

तिनं टोपी पायरीवर टाकली आणि डोंगी फिरवली. दहा-बारा हात गेली असेल, तेवढ्यात मागून आवाज आला, "उद्याही दूध आणायला जाणार ना?"

शालिनीचा हात थबकला. दुधाची बरणी तिनं पदराखाली झाकली होती. आपण दूध आणायला जातो, हे याला कुणी सांगितलं?

नावेजवळ पोचेपर्यंत तिच्या मनातलं टोपीचं हसू पार विरलं होतं.

"कोण आहे?" वरून आबासाहेबांचा आवाज आला. नाव अवघी तीन माणसांची, त्यातली दोन वर आणि तिसरी समोर डोंगीत. तरीही विचारल्याशिवाय ते शिडी सोडत नसत.

"मी."

"परवलीचा शब्द?"

"हळकुंड."

शिडी खाली आली.

आबासाहेब, म्हणजे महिपतराव सुर्वे, ग्वाल्हेरच्या रियासतीत एका पलटणीचे कोठीवाले होते. दाणागोटा, तूप, कांबळी, खोगिरं, तोफखान्याची वातसुद्धा त्यांच्या हातून मोजून जायची आणि मोजून यायची. रियासत विलीन झाली, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं, पलटण मोडली. याचं दुःख सगळ्यांनाच झालं, पण लोक रडले आणि कामाला लागले. महिपतरावांना मात्र दुसऱ्याच गोष्टीनं हादरवलं. कोठी ताब्यात घ्यायला आलेल्या नव्या अधिकाऱ्यानं दारातून आत डोकावून "ठीक है, ठीक है" म्हटलं आणि सही केली. एक पोतं मोजलं नाही. एक डबा उघडून पाहिला नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन ते बहिणीला म्हणाले, "शांता, जे राज्य कोठी न मोजता घेतं, ते राज्य चालायचं नाही. आता बघ. धान्य संपेल, रस्ते बंद पडतील, माणूस माणसाला लुटेल." फाळणीनंतरच्या गर्दीनं भरलेलं मोरारचं स्टेशन त्यांनी पाहिलं होतं. आगगाडीच्या टपावरून उतरणारी माणसं पाहिली होती. त्यामुळे त्यांना वेडं तरी कसं म्हणायचं? रियासतीच्या वेळी पाहुण्यांना बदकांच्या शिकारीला न्यायची ती जुनी सपाट बुडाची नाव मोडीत निघाली होती. महिपतरावांनी ती विकत घेतली, तिच्या पोटात धान्य भरलं, आणि मुलीला नि विधवा बहिणीला घेऊन पाण्यावर राहायला आले. पाण्यावर चोर यायचा तर आवाज करत येतो, असं त्यांचं म्हणणं होतं.

नावेच्या पोटात दोन कोठ्या होत्या. पुढची शालिनीची रोजची. मागची कुलपात. तिची किल्ली आबासाहेबांच्या कमरेला असे आणि ती कोठी त्यांनी मुलीसमोर कधी उघडली नव्हती. शालिनीनं एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "वेळ आली की कळेल." कोठीवाल्याच्या मुलीनं या उत्तरावर झोपायचं कसं?

दुपारी भाकरी थापताना तिनं आत्याला सगळं सांगितलं. टोपीचं थोडं कमी करून, दुधाचं थोडं वाढवून.

"पांढरी टोपी?" आबासाहेबांनी पडद्याआडून ऐकलंच. "म्हणजे नव्या सरकारचा माणूस. वास काढायला आलाय."

"वास तर त्याला आलाच," आत्या म्हणाल्या. "लसणाचा."

"शांता, ही हसण्याची गोष्ट नाही. नाव कुणाची, आत काय, सगळं विचारणार तो. आणि मग एक दिवस पोलीस." त्यांनी कमरेची किल्ली चाचपली. "शालू, उद्यापासून दुधाला दुसऱ्या वाटेनं जा."

शालिनीनं ती किल्ली चाचपताना पाहिली, आणि भाकरी तव्यावर करपली.

दुसऱ्या दिवशी ती दुसऱ्या वाटेनं गेली. परतताना बाभळीच्या सावलीत कान्होजी बसलेला. गुडघ्यावर टोपी, टोपीत बोरं.

"इथलंही पाणी मोजायचं असतं वाटतं?" शालिनी म्हणाली.

"नाही. काल आपण पदराखाली बरणी झाकली आणि झाकण विसरलात. तीन गाई असलेला दूधवाला या काठाला एकच. म्हणून आलो." त्यानं मान खाली घातली. "काल मी जे ओरडलो, त्यानं आपण घाबरलात असं नंतर वाटलं. घाबरवायचं नव्हतं… कसम से."

"मी घाबरत नाही."

"ते दिसतंच आहे. वल्हं केवढं घट्ट धरलंय."

तिनं वल्ह्यावरची बोटं सैल केली, आणि ती सैल केली हे त्यानं पाहिलं याचा तिला राग आला.

हळूहळू वाट ठरून गेली. ती डोंगीत, तो काठावर, मध्ये हातभर पाणी. नावेजवळ यायचं तर परवलीचा शब्द लागतो, हे तिच्या तोंडून एकदा निसटलं. मग तर त्याला खेळच मिळाला.

"मोगरा?" तो विचारायचा.

"नाही."

"जिलबी."

"एवढं स्वस्त नाही आमचं राज्य."

"मग… शालिनी?"

"माझं नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"आत्यासाहेबांनी. परवा नावेवरून हाक मारत होत्या, शालू, ताक नासलं. शालू म्हणजे शालिनी नाहीतर शालन. मी एक पणाला लावलं."

प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उत्तर होतं, आणि तेच तिला खुपायचं. इतकी नीट उत्तरं साध्या माणसाकडे असतात? रात्री ती त्याची वाक्यं एकेक करून उलटीसुलटी करून बघायची, बाजारात मडकं वाजवून बघावं तशी. वाजवून झालं की मडकं मांडीवरच राहायचं… खाली ठेववत नसे.

तो नावेबद्दल फारसं विचारायचा नाही. एकदाच विचारलं, सहज आवाजात, "एवढ्या मोठ्या नावेत काय काय मावत असेल नाही?" शालिनीनं त्याच्याकडे पाहिलं. तो पाण्याकडे पाहत होता. त्याचे कान लाल झाले होते.

त्यानंतर दोन दिवस ती दुधाला गेली नाही. आत्यांनी बिनदुधाचा चहा पाजला आणि एक अक्षर विचारलं नाही.

वैशाखातल्या एका दुपारी आभाळ पिवळं झालं. उत्तरेकडून आंधी आली, आधी धुळीचा वास, मग धूळ, मग वारा. नाव साखळीला हिसके देऊ लागली. शालिनी शिडाच्या कापडाचे पडदे बांधत होती, तेवढ्यात तिला लाटांत ढीमराची होडी दिसली. होडीत मध्यभागी, दोन्ही हातांनी दोन्ही कडा धरून, डोळे मिटून कुणीतरी बसलं होतं. टोपी दातांत धरलेली.

"कोण आहे?" आबासाहेब छऱ्याची बंदूक घेऊन पुढे आले.

कान्होजीनं तोंडातली टोपी काढली. "मी… जगदाळे. नहर खातं."

"परवलीचा शब्द?"

कान्होजीनं शालिनीकडे पाहिलं. त्या नजरेत विनवणी नव्हती, नुसता प्रश्न होता. शब्द तिच्या ओठांवर होता. त्या दिवशीचा शब्द 'समई' होता. तिनं तो सांगितला नाही. मान वळवली.

शेवटी आत्यांनीच खाली वाकून त्याचा दंड धरला आणि वर ओढला. "बुडाल्यावर शब्द विचारणार का दादा? आधी वर घे, मग संशय घे. वर घेऊन संशय घ्यायला काय हरकत आहे?"

निथळत, दातावर दात आपटत कान्होजी बोलला. धरणाच्या मोरीचा लोखंडी दरवाजा खराब झालाय. पावसाळ्याआधी दुरुस्त करायचा म्हणून पाणी सोडणार. अक्षय्य तृतीया झाली की दुसऱ्या दिवशी. "आपली नाव उभी आहे तिथे खाली सगळा कातळ आहे. पाणी उतरलं की नाव त्यावर बसेल. बूड सपाट आहे, भार पुष्कळ… कणा मोडेल तिचा. धरणाच्या भिंतीकडे खोल पाणी आहे, तिकडे घ्या."

"भिंतीकडे," आबासाहेब सावकाश म्हणाले. "म्हणजे चौकीच्या दारात. पोलिसांना चालत येता येईल तिथे."

"अहो, पण पाणी…"

"जगदाळे, मी पलटणीत होतो. किल्ल्यातून माणूस बाहेर काढायचा तर पाणी तोडलं, अशी हूल उठवतात. ही जुनी चाल आहे." त्यांनी बंदूक खाली केली, पण आवाज नाही. "आंधी थांबली की उतरा."

आंधी थांबेपर्यंत तो कोपऱ्यात बसला. शालिनीनं त्याच्यापुढे गुळाचा खडा आणि पाणी ठेवलं. 

"आपलाही नाही का विश्वास?" त्यानं हळूच विचारलं.

"मी बघेन," ती म्हणाली. "डोळ्यांनी."

तिनं बघितलं. दुसऱ्या दिवशी डोंगी घेऊन ती कातळापाशी गेली आणि पाणी टेकत होतं तिथे कुंकवाचं बोट ओढलं. अक्षय्य तृतीया झाली. दुसरा दिवस उजाडला. रेघ होती तिथे होती, पाणी तिला तसंच चाटत होतं. तिसरा दिवस, चौथा दिवस. पाणी तसूभर हललं नाही.

"बघ," आबासाहेब एवढंच म्हणाले. जिंकल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर दिसला नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

आणि कान्होजी? तो पायऱ्यांवर नव्हता, बाभळीखाली नव्हता. शालिनीला वाटलं, झालं, चाल फसली म्हणून गेला. असं वाटल्यावर हायसं वाटायला हवं होतं. तिनं दूध सांडलं, मिठाच्या जागी तुरटी घेतली, आणि आत्यांनी विचारल्यावर डोळ्यांत धूळ गेली म्हणून सांगितलं. आंधी होऊन आठवडा उलटला होता.

मग एका सकाळी तो बाभळीखाली दिसला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले.

"पाणी सोडलं नाही," शालिनी डोंगीतूनच म्हणाली.

"हो. मीच थांबवलं."

"तुम्ही?"

"साहेबांच्या बंगल्यावर जाऊन बसलो. म्हटलं, नावेवर दोन बायका आहेत, म्हातारा माणूस आहे, माझं ऐकत नाहीत, थोडे दिवस द्या. साहेबांनी विचारलं, त्यांनी तुला काय दिलं? मी म्हटलं, गुळाचा खडा." तो हसला नाही. "दिवस मिळाले. पण एक गोष्ट आहे… ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणार नाही मी."

"सांगा."

"मला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवलं होतं, त्या नावेत काय आहे ते बघ. शहरात नई सडकेवर सगळे म्हणतात, सुर्वे पलटणीच्या बंदुका घेऊन पळाले. पाणी मोजता मोजता नावेवरही नजर ठेव, असा हुकूम होता."

पाण्यावर एक पाणकोंबडी बुडी मारून गेली. शालिनीनं वल्हं मांडीवर आडवं घेतलं.

"म्हणजे बोरं…"

"बोरं माझी."

"आणि एवढ्या मोठ्या नावेत काय मावत असेल…"

"ते सरकारचं. एवढं एकच विचारलं मी. त्यानंतर पुन्हा विचारवलं नाही."

"आणि टोपी?"

"टोपी वाऱ्यानं उडाली."

"हे खोटं नाही कशावरून?"

"कशावरूनच नाही," कान्होजी म्हणाला. "माझ्याकडे याचं उत्तर नाही."

गंमत अशी, की त्याच्याकडे उत्तर नसलेली ही पहिलीच गोष्ट होती. शालिनी त्याच्याकडे बघत राहिली. हेर असता तर गप्प राहिला असता. पण फार हुशार हेर असता तर नेमका असाच बोलला असता. दोन्ही बाजूंनी विचार करून तिचं डोकं दुखायला लागलं. आणि खरं सांगायचं तर या सगळ्याच्या तळाशी दुसरीच भीती होती. कुलपातल्या कोठीत बंदुका नसतीलच, हे तिला स्वतःला तरी कुठे माहीत होतं? असल्या, तर तिच्या बापाला बेड्या पडणार होत्या, आणि त्या पडणार होत्या तिनं पुढे केलेल्या माणसाच्या साक्षीवरून.

"बसा डोंगीत," ती म्हणाली.

"मी?"

"कडा घट्ट धरा. आणि डोळे उघडे ठेवा. ज्याला नजर ठेवायची असते, त्यानं डोळे मिटायचे नसतात."

"कोण आहे?" वरून आवाज आला.

"मी आहे. आणि माझ्याबरोबर सरकार आहे."

शिडी बराच वेळ खाली आली नाही. आली तेव्हा आबासाहेब शिडीच्या तोंडाशीच उभे होते. शालिनीनं सगळं सांगितलं, कान्होजीनं सांगितलं होतं तसंच, काही न गाळता. बंदुकांचं ऐकल्यावर महिपतरावांचा चेहरा असा झाला, जणू कुणी भर चौकात त्यांचं पागोटं उडवलं.

"मी? कोठीतून चोरी? छत्तीस वर्षांत सुपारीचं खांड नेलं नाही मी घरी."

"मग उघडा ना कोठी, आबासाहेब."

"नाही."

"का?"

"बापाची काही अब्रू असते, शालू."

तिनं आत्याकडे पाहिलं. आत्या पाण्याकडे बघत होत्या, फारच मन लावून. म्हणजे आत्यांना माहीत होतं. शालिनीनं किल्लीसाठी हात पुढे केला आणि तो तसाच ठेवला. महिपतरावांनी मुलीच्या त्या हाताकडे बघितलं… आणि कमरेची किल्ली सोडून त्यावर ठेवली.

दार उघडल्यावर आधी हळदीचा वास आला. मग कापराचा. मग अत्तराचा, बंद डब्यातून झिरपलेला.

बंदूक एकही नव्हती. मेणानं तोंड बंद केलेला हळकुंडांचा डबा होता. समया होत्या, गवतात गुंडाळलेल्या. पितळी फुलांचे पाट, चौरंग, सुपाऱ्यांची पिशवी, अंतरपाटाचं नवंकोरं कापड. दोन बाशिंगं, मुंडावळ्या, चंदेरी साड्या, आणि मऊ कापडात ठेवलेला, सनईच्या जागी म्हणून पलटणीच्या बिगुलवाल्याकडून विकत घेतलेला जुना बिगूल. कोपऱ्यात कोंड्यानं भरलेल्या टोपल्या होत्या. शालिनीनं कोंड्यात हात घातला तर हिरव्या बांगड्या लागल्या. दुसऱ्या टोपलीतही बांगड्या, जरा मोठ्या. तिसरीत त्याहून मोठ्या.

"एवढ्या मापांच्या कशाला?" तिला आपला आवाज ओळखू आला नाही.

महिपतराव दाराबाहेरच उभे होते. "सगळं बुडणार म्हटल्यावर सोनार कुठले राहणार, कासार कुठले राहणार? म्हटलं, भरून ठेवावं. जग पुन्हा ताळ्यावर येईल तेव्हा तुझं वय काय असेल… मनगट केवढं असेल… मला काय ठाऊक? म्हणून सगळी मापं घेतली." ते घोटाळले. "लग्नाचं सगळं आहे. फक्त नवरदेव नाही. तो जिन्नस टिकाऊ नसतो. आधी भरून ठेवता येत नाही."

आत्यांनी पदर तोंडाला लावला. त्या हसत होत्या की रडत, ते कळायला मार्ग नव्हता.

कान्होजीनं वहाणा बाहेर काढल्या. टोपी सारखी केली. कोठीच्या जमिनीवर मांडी घातली आणि म्हणाला, "सुरुवात कुठून करू?"

"कसली?"

"मोजायची. कोठीत काय आहे, ते मला साहेबांना सांगायचंय. न मोजता कसं सांगू?"

महिपतराव जागच्या जागी उभे राहिले. मग सावकाश आत आले, त्याच्यासमोर बसले, आणि त्यांनी पहिला डबा पुढे सरकवला. "हळकुंडं. एकेक मोजा. मोडकी वेगळी."

दुपार टळेपर्यंत दोघं मोजत होते. कान्होजी मोठ्यानं मोजायचा, आबासाहेब मान हलवायचे. सुपाऱ्यांत एकदा कान्होजी चुकला तर त्यांनी त्याला पहिल्यापासून मोजायला लावलं आणि त्यानं मोजल्या. दाराशी बसून शालिनी दोन्ही माणसं बघत होती. बापाचा चेहरा वर्षभर आवळलेल्या मुठीसारखा होता, आणि आज त्याचं एकेक बोट सुटत होतं. दुसऱ्याच्या पाठीवर घामानं सदरा चिकटला होता. कंटाळा आल्याची खूण तिनं त्या पाठीवर फार शोधली. ती तिला सापडली नाही.

शेवटची बांगडी कोंड्यात गेली तेव्हा महिपतराव म्हणाले, "मोरी कधी उघडायची म्हणालात?"

"परवा."

"मग उद्या नाव हलवू. भिंतीकडे म्हणालात ना? खोली दाखवायला तुम्ही चला." मग आत वळून, "शांता, जगदाळे जेवून जातील."

"ते कधीच ठरलंय," आत्या म्हणाल्या. "लसणाची फोडणी दिलीये."

नाव हलली. मोरी उघडली. चार दिवसांत टेकडीच्या कुशीतलं पाणी उतरलं, आणि ती उभी असायची तिथे काळा कातळ वर आला, सुळ्यासुळ्यांचा. महिपतराव तो बराच वेळ बघत राहिले. त्या संध्याकाळी परवलीचा शब्द ठरवायचा ते विसरले, किंवा विसरले असं त्यांनी दाखवलं.

शालिनी नावेच्या टपावर बसली होती. भिंतीपासून नावेपर्यंत आता एक फळी टाकली होती. फळीवरून कान्होजी आला, दोन्ही हात पसरून, पायाखाली न बघता.

"साहेबांना सांगितलं," तो जरा अंतर ठेवून बसला. "म्हटलं, नावेत एक लग्न आहे. ते हसत सुटले. म्हणाले, उन्हाळ्यात कचेरी इंदूरला जातेय, तूही चल, इथे राहिलास तर काही खरं नाही."

"इंदूरला?"

"नव्या राज्याच्या राजधान्या दोन. हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. खुर्च्या, टेबलं, कपाटं, माणसं, सगळं आगगाडीत. पुढच्या सोमवारी." त्यानं पाण्याकडे पाहिलं. "मला विचारायचं होतं… पण आपला अजून माझ्यावर विश्वास बसला नसेल, तर विचारत नाही."

खाली आत्या भांडी घासत होत्या. घासता घासता आवाज थांबला.

"नाही बसला," शालिनी म्हणाली.

कान्होजीनं मान हलवली. उठायला हात टेकला.

"टोपी वाऱ्यानंच उडाली का, ते मला अजून कळलेलं नाही. बोरं कुठल्या झाडाची, तेही नाही. सोमवारच्या गाडीचंही खरं की खोटं…" तिनं वेणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "तुमच्या सगळ्या गोष्टी एकदा नीट तपासायला हव्यात. एकेक करून."

"त्याला तर फार वेळ लागेल."

"लागेल."

"आणि मी इंदूरला असलो तर?"

शालिनीनं त्याच्याकडे पाहिलं, पहारेकरी बघतो तसं, सरळ आणि न हसता. पण ओठ काही केल्या दाबले जात नव्हते.

"ज्याच्यावर संशय असतो," ती म्हणाली, "त्याला एकट्याला जाऊ देत नाहीत."

खाली भांड्यांचा आवाज पुन्हा सुरू झाला, मघापेक्षा बराच जोरात. आणि त्या आवाजातून आत्यांची हाक आली, "दादा, ऐकलंस का? तो टिकाऊ नसलेला जिन्नस मिळालाय. सोमवारच्या आत वापरायला हवा."